डावीकडचा समुद्र

अण्णा, गेल्या महिन्यात मी तुमच्या शहरात जाऊन आले. बार्शीत नाही, इस्तंबूलला. तुम्ही कधीच इस्तंबूल म्हणाला नाहीत, कायम कॉन्स्टँटिनोपलच म्हणालात, आणि आठवीच्या वर्गात तो शब्द फळ्यावर असा काही लिहायचात की शेवटच्या बाकावरच्यालाही एखादं अक्षर गाळायची हिंमत होत नसे. कॉन्स्टँटिनोपलचा पाडाव, कारणे व परिणाम लिहा, गुण पाच. त्या पाच गुणांमुळे महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळकरी पोराला ते गाव आपल्या तालुक्यातलंच वाटतं. तुर्कांनी शहर घेतलं, व्यापाराच्या वाटा अडल्या, म्हणून युरोपातले लोक हिंदुस्थानची वाट शोधायला निघाले आणि चुकून अमेरिकेला लागले. इकडे अमेरिकेत, नोव्हायला आमच्या घरी पहिल्यांदा आलात तेव्हा ड्राइव्हवेवर बर्फात उभे राहून तुम्ही म्हणाला होतात, "तो पाडाव झाला नसता तर तू इथे नसतीस." विमानाच्या बाहेर पडून दोन तास झाले होते आणि तुमचं ते दुसरं की तिसरं वाक्य होतं.

पंधरा वर्षं झाली तुम्हाला जाऊन. इतक्या वर्षांत मी तुम्हाला मनातल्या मनात खूप वेळा बोलावलं, पण दरवेळी माफी मागायलाच. आज पहिल्यांदा त्यासाठी नाही. आज जरा हसायला बोलावते आहे, आणि थोडं भांडायलाही, कारण तुम्ही मला सरळसरळ फसवलंत.

पण आधी तो हिवाळा. आई गेल्यावर चार महिन्यांनी तुम्हाला मी इकडे आणलं होतं. तुम्ही फार बोलत नव्हता. ताट पुढे केलं की जेवायचात, ताट विसळून ठेवायचात आणि पॅटिओच्या काचेच्या दाराशी उभे राहायचात. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, शेजाऱ्यांचं ग्रिल आणि त्यावर फूटभर बर्फ. शेवटी कुणीतरी सुचवलं म्हणून तुम्हाला मॉलमध्ये चालायला सोडायला लागले. आपल्याकडच्या सगळ्यांच्या आईवडिलांचं तेच, बाहेर बर्फ आणि आत गरम, दुकानं उघडायच्या आधी मॉलची दारं उघडतात, मग स्वेटर, मफलर आणि मुलांनी घेऊन दिलेले पांढरे स्पोर्ट्स शूज घालून फेऱ्या मारायच्या. मी ऑफिसला जाताना नऊला तुम्हाला दाराशी सोडायची आणि साडेअकराला नागपूरच्या काकूंच्या सूनबाई सगळ्यांना मिनीव्हॅनमध्ये भरून घरोघर पोचवायच्या. या काकूही तेव्हा मुलाकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्या आठवड्यातच तुमचं काहीतरी सुरू झालं. तुम्ही माझ्याकडून प्रिंटरचे कागद मागून घेतलेत. एकदा सकाळी काचेच्या दाराला तुम्ही दोन कागद चिकटपट्टीने लावले होते आणि त्यावर पेन्सिलने काही गिरवत होतात. काचेवर पट्टीचे डाग पडतात म्हणून मी ओरडले. आणि माझं लाकडी उलथणं गायब झालं. तीन दिवस मी ते शोधत होते, डिशवॉशरखालीसुद्धा हात घालून पाहिला.

ते मला मॉलमध्ये सापडलं. एक मीटिंग कॅन्सल झाली होती, म्हटलं आज आपणच अण्णांना घेऊन जाऊ. वरच्या मजल्याच्या कठड्यावरून खाली पाहते तर सात-आठ म्हातारी माणसं घोळक्याने उभी आणि त्यांच्यापुढे तुम्ही, उलथणं वर धरून. मॉलच्या मधोमध कारंजं, त्याभोवती गोल रस्ता, आणि त्या रस्त्यावर तुम्ही अख्खं शहर वसवलं होतं. नाणं टाकलं की गोळी वळसे घेत खाली येते ते मशीन म्हणजे घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानातला तीन सापांचा खांब. काचेची लिफ्ट म्हणजे इजिप्तहून आणलेला दगडी स्तंभ. वर काचेचं छत असलेलं फूड कोर्ट म्हणजे आया सोफिया, ते मोठ्या घुमटाचं जुनं चर्च. आणि मी पोचले तेव्हा तुम्ही टोप्यांच्या दुकानापुढे होतात, बंद दुकानात टोप्या घातलेली प्लॅस्टिकची मुंडकी मांडलेली, आणि तुम्ही सांगत होतात की इथे जमिनीखाली पाण्याचं टाकं आहे आणि दोन खांबांच्या बुडाशी दोन दगडी मुंडकी आहेत, एक उलटं, एक आडवं. आवाज शाळेतला होता. आई गेल्यापासून मी तो ऐकला नव्हता. "आज इथपर्यंत," तुम्ही म्हणालात, "उद्या राजवाडा, मग मसाल्याचा बाजार."

तेवढ्यावर मी तुम्हाला गाडीत घालून घरी आणायला हवं होतं. पण पलीकडे बाकावर बसलेली दोन गोरी माणसं तुमच्याकडे बघून हसत होती, आणि मी, तुम्हाला माहीत आहे, चुका शोधायचाच पगार घेते. ब्रेकचे भाग तपासायचे, केसभर इकडेतिकडे असलं तर अख्खी खेप परत. मी फोनवर नकाशा उघडला. तुम्ही सगळ्यांना सांगत होतात की चालताना समुद्र आपल्या डाव्या हाताला आहे. नकाशात, तुमच्याच क्रमाने गेलं, म्हणजे तटबंदीपासून मैदान, आया सोफिया, राजवाडा, मग मसाल्याचा बाजार, तर समुद्र सगळीकडे उजव्या हाताला येत होता. सगळं शहरच उलटं. मी तो फोन सगळ्यांदेखत तुमच्या नाकापुढे धरला आणि म्हणाले, "अण्णा, तुम्ही कधी गेला नाहीत तिथे. आणि समुद्र उचलून दुसरीकडे ठेवायला तुम्ही कोण?"

ते वाक्य तुमचंच होतं. आठवीत मी नकाशात काळा समुद्र खाली आणि मार्माराचा समुद्र वर काढला होता. तुम्ही मला उभं केलंत, स्वतःच्या मुलीला, चाळीस पोरांपुढे, वही उंच धरलीत आणि म्हणालात, समुद्र उचलून दुसरीकडे ठेवायला तू कोण? वर्ग हशाने फुटला. पुढे वर्षभर मधल्या सुट्टीत मला पोरं "समुद्र" म्हणून हाक मारायची. घरी आल्यावर आईने भाकरीबरोबर जास्तीचा गूळ दिला, तेवढंच. मॉलमध्ये मात्र कुणी हसलं नाही. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्यांजवळ नेलात, नीट पाहिलंत आणि म्हणालात, "बरोबर आहे तुझं." लहानपणी हे ऐकण्यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं. दुसऱ्या दिवशी उलथणं धुऊन पुसून ड्रॉवरमध्ये परत आलं होतं.

त्यानंतर तुम्ही घरात पुन्हा मुके झालात. मी दोनदा अकराच्या सुमाराला मॉलमध्ये डोकावून गेले, तुम्हाला सांगितलं नाही. त्याच कठड्यावरून पाहिलं, सगळे एकामागे एक, खाली मान घालून मुकाट चालत होते आणि तुम्ही सगळ्यांत मागे. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून सोळा वर्षं हललं नाही. मार्चमध्ये तुम्ही परत गेलात, फोनवर हवा, सिलिंडर आणि पाण्याची वेळ यापलीकडे बोललो नाही, आणि पुढच्या वर्षी एका सकाळी पेपर वाचता वाचता तुम्ही गेलात. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मला एवढंच वाटत राहिलं की आई गेल्यावर तुम्हाला परत फुटलेला आवाज मी बंद केला, आणि तोही उजव्या-डाव्यापायी.

आता यंदाचं. नागपूरच्या काकू आता मुलाकडेच कायमच्या राहतात, अठ्ठ्याहत्तरीच्या आहेत. डिसेंबरात मी भारतातून परत येणार होते, त्याही, तर त्यांच्या मुलाने विचारलं, आईला सोबत कराल का? आपल्याकडे याला कुणी नाही म्हणत नाही. तिकीट इस्तंबूलवरून होतं आणि मध्ये अख्खा दिवस मोकळा. मी म्हटलं, काकू, विमानतळावर लाउंजमध्ये मस्त झोपा काढू. काकूंनी पर्समधून एक कागद काढला. त्यांनी नातवाकडून चालत शहर दाखवणारी टूर बुक करून ठेवली होती, दोघींची. बायझंटाइन आणि ऑटोमन वारसा, चार तास, आरामदायक पादत्राणे आणावीत. मला पळ काढायचा होता. इतकी वर्षं मी त्या काकूंशी दिवाळीच्या फराळापलीकडे बोलत नव्हते, मॉलमधल्या त्या दिवसाच्या त्या साक्षीदार होत्या ना.

गाइड तिशीतली तुर्की मुलगी, इंग्रजी छान, हातात लाल छत्री. मैदानाच्या खालच्या टोकापासून सुरुवात झाली. थंडी होती, पण ऊन होतं, आणि जिथे तिथे मांजरं, पोटभर खाल्लेली, कुणाला न भिणारी. तीन सापांचा खांब आला. साप आहेत, तोंडं गेली आहेत. गाइडने तोंड उघडायच्या आधी काकू मला म्हणाल्या, गोळ्यांचं मशीन. मी मांजरांकडे बघायला लागले. पुढे उजवीकडे निळी मशीद उभी, सहा मिनारांची, डोळ्यांत मावत नाही इतकी मोठी, आणि काकूंनी उजव्या डोळ्यावर हाताचा आडोसा धरला. मी विचारलं, ऊन लागतंय का? तर म्हणाल्या, तिकडे बघायचं नाही, ही तुर्कांची, अजून बांधलेली नाही, आधी बांधणारे मग जिंकणारे, परत येताना बघायची. आणि मग माझ्या कानाशी, "पण ही डाव्या हाताला पाहिजे होती नं." असं म्हणून त्या वळल्या आणि चक्क पाठमोऱ्या चालू लागल्या, तेव्हा कुठे मशीद त्यांच्या डावीकडे आली. गाइड घाबरून धावत आली, तुम्ही ठीक आहात ना म्हणून. मला मात्र रडू येत होतं. वाटलं, बघा, सोळा वर्षांपूर्वी शिकवलेलं उलटं शहर या बाईच्या डोक्यात अजून तसंच आहे. आणि लाज वाटते सांगायला, पण बरोबर मीच होते हेही वाटून गेलं.

आया सोफिया पाहिली, तुमच्या फूड कोर्टपेक्षा थोडी बरी आहे. मग पाण्याच्या टाक्यात उतरलो. अंधूक उजेड, खांबांच्या रांगा, पाणी, आणि अगदी शेवटी ती दोन मुंडकी, एक उलटं, एक आडवं, अगदी तुम्ही सांगितली तशी. मी तिथे उभी राहिले आणि मनात म्हटलं, इथे. इथेच मी यांना थांबवलं. वर आलो. राजवाड्याच्या वेशीपाशी काकूंनी मला कोपराने ढोसलं. "आता दागिन्यांचं दुकान. आत गेलं की चार चौक लागतात, आणि प्रत्येक चौकात माणसं कमी होत जातात. आणि खाली उतरल्यावर मसाल्याचा बाजार, तो मेणबत्त्यांच्या दुकानापाशी, कारण वास लांबूनच यायचा."

मी चालायची थांबले. तुम्ही तर मुंडक्यांपाशी थांबला होतात. राजवाडा उद्याचा होता, आणि उद्या झालाच नव्हता. मी काकूंना तसं विचारलं, राजवाडा तुम्हाला कुणी दाखवला?

"काहून, तुझ्या अण्णांनी," काकू म्हणाल्या. "कोण थांबलं? अगं, पूर्ण शहर पाहिलं नं आम्ही. दोनदा."

वेशीसमोर एक चहाची गाडी होती, तिथे बाकावर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं आणि टूर आमच्याशिवाय पुढे गेली. मी तमाशा केला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही मंडळींना म्हणालात म्हणे, तिचं बरोबर आहे, ती तपासणारी आहे, तिला तिचं काम करू द्या, आपण आपलं करू. मी अकराला धाड घालीन म्हणून तुम्ही सव्वानऊला सुरू करून साडेदहाला आटपायला लागलात. माझं उलथणं परत गेल्यावर काकूंनी स्वतःचं लाटणं आणलं, नॅपकिनमध्ये गुंडाळून. नंतरही शहराच्याच गप्पा रंगायच्या, म्हणून एका सोलापूरच्या काकांना सरकत्या जिन्यापाशी पहाऱ्यावर बसवलं होतं. मी कठड्यावर दिसले की ते मोठ्याने खोकायचे, आणि तुम्ही सगळे खाली मान घालून मुकाट चालायला लागायचात. अण्णा, ते माझं सोळा वर्षांचं दृश्य. ती खाली घातलेली मान. काकू म्हणाल्या, मान वर केली असती तर हसू फुटलं असतं.

मी विचारलं, पण मग समुद्र? तो तर चुकलाच होता ना. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून आठवीत आहे. पहिल्या दिवशी तुम्ही सगळं बरोबरच मांडलं होतं. दारातून शिरून उजवीकडे वळायचं, कारंजं डाव्या हाताला, दुकानं उजव्या, आणि दुकानं म्हणजे समुद्र. पण काकू दारातच अडून बसल्या. मधे कारंजं, वर छत, भोवती गोल वाट, आणि डाव्या हाताने फिरायचं? उलटी प्रदक्षिणा मी घालणार नाही, म्हणाल्या. त्यांच्या मागून सगळ्या काकू आणि एकदोन काका. तुम्ही म्हणालात, मग शेवटापासून सुरू करू, मसाल्याच्या बाजारापासून. वीस पावलं गेलात आणि थांबलात. जिंकणारे आधी आणि बांधणारे नंतर असं मला सांगता यायचं नाही, म्हणालात. त्या दिवशी सगळे नुसतेच चालले. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही अख्खं शहर उलटं मांडून आणलंत, इतिहास सरळ ठेवून भूगोल उलटा केलात, कारण पाचसहा बायकांना उलटी प्रदक्षिणा चालणार नव्हती.

काचेच्या दारावर दोन कागद. खाली पालथा लावलेला नकाशा, मागून उजेड, वर कोरा कागद धरून गिरवलेला. अण्णा, मी तिथे उभी होते आणि चिकटपट्टीचे डाग बघत होते.

मी काकूंना शेवटचं विचारलं, मला का नाही सांगितलं त्यांनी? आणि घरी इतके गप्प का असायचे? काकू म्हणाल्या, वाईट वाटलं त्यांना, खोटं कशाला सांगू, एक दिवस वाटलं. बाकी गप्प असायचे कारण दुसऱ्या दिवशीची तयारी चालायची. त्यांच्या मनात राजवाड्याचे चौक चालू असायचे आणि तू म्हणे दर पाच मिनिटांनी चहा हवा का विचारायचीस. मी हसायला लागले आणि मग रडायला, आणि चहाच्या गाडीवाल्याने न मागता दुसरा चहा दिला. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मी तुमचा आवाज बंद केला नव्हता. तुम्ही माझं ऐकलंच नव्हतं. बापाने आपलं ऐकलं नाही याचा एवढा आनंद कुणा मुलीला झाला असेल असं वाटत नाही. मग आम्ही दोघीच उतार उतरून पाण्यापाशी गेलो. वळलो. पाणी उजव्या हाताला होतं. काकू म्हणाल्या, असू दे, इथल्या लोकांचंही बरोबर आहे.

परवाच्या शनिवारी त्या मला मॉलमध्ये घेऊन गेल्या. यंदाच्या हिवाळ्याची नवी मंडळी आली आहे, पुण्याचे दोघं, अकोल्याच्या एक मावशी, आणखी तीनचार, सगळ्यांचे बूट पांढरेशुभ्र. गोळ्यांचं मशीन कधीच गेलं, तिथे फोनच्या कव्हरांचा स्टॉल आहे, टोप्यांचं दुकानही नाही. कारंजं आहे. काकूंनी पर्समधून नॅपकिन काढला, त्यातून लाटणं काढलं आणि माझ्या हातात दिलं. मी कारंजं उजव्या हाताला घेतलं, लाटणं उचलून डावीकडच्या बंद दुकानांवर धरलं आणि म्हणाले, "हा समुद्र." कुणी फोन उघडून पाहिला नाही.

बार्शीचं घर विकलं, त्या पत्त्यावर आता दुसरीच माणसं राहतात, तेव्हा हे पत्र कुठे जायचं नाही. उलथण्याच्या ड्रॉवरमध्ये राहील. एक मात्र तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी मॉलमध्ये ते वाक्य माझ्या तोंडून निसटलं, असं मी घरच्यांना सांगत आले, स्वतःलाही. निसटलं नव्हतं. आठवीपासून मी ते तुमच्यासाठी जपून ठेवलं होतं, आणि म्हणताना मला मजा आली होती. शनिवारी समुद्र उचलून डावीकडे ठेवताना त्याहून जास्त आली.